खडा खोटा नसतो, नाव खोटं असतं



लग्नसराई जवळ आली की माझ्या फोनवर माळांचे फोटो यायला लागतात. "काकू, हा स्फटिक ओरिजिनल आहे का?" "मावशी, हे फिरोजा खरे वाटतात का हो?" फोटोवरून मणी ओळखायला मी कोणी जोहरी नाही. मणी ओवायची आवड चाळीस वर्षांची आणि शिक्षण बी.कॉम.चं, एवढंच माझं भांडवल. त्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुला तो काय म्हणून विकला? आणि बिलावर काय लिहिलंय?" बहुतेक वेळा पलीकडून उत्तर येतं, "बिल कुठलं हो काकू, दोन माळांना!"

मला आज त्याच विषयावर बोलायचं आहे. खऱ्या-खोट्याची पारख म्हटलं की आपण लगेच मणी पाण्यात टाकतो, केस गुंडाळून काडी लावतो, दाताला घासतो. यातल्या काही युक्त्या उपयोगाच्या आहेत, त्या पुढे सांगतेच. पण माझं मत असं आहे की जगात खोटा खडा असा काही नसतो. काच ही खरी काच असते, रंगवलेला दगड हा खरा रंगवलेला दगड असतो. खोटं असतं ते त्याला दिलेलं नाव. आणि नाव तपासायची जागा म्हणजे विकणाऱ्याचं तोंड आणि त्याचं बिल.

काचेला आपण उगीच नावं ठेवतो. आपल्या मंगळसूत्रातले काळे मणी बघा, बहुतेक काचेचेच असतात. त्यांना कोणी कधी "खोटे" म्हटलंय? बनारसचे आणि उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे काचमणी जगभर जातात. स्वारोव्हस्कीचे चमचमते मणीसुद्धा काचच आहेत. १८९५ साली ऑस्ट्रियातल्या वॉटन्स गावात ही कंपनी सुरू झाली आणि उत्तम पैलू पाडलेली काच म्हणून तिनं जगात नाव मिळवलं. काच काच म्हणून घेतली, काचेच्या भावानं घेतली, की व्यवहार स्वच्छ.

गोंधळ होतो तो नावांनी. "जर्मन सिल्व्हर"मध्ये चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. "अमेरिकन डायमंड" हिरा नसतो, तो कारखान्यात बनवलेला क्युबिक झिर्कोनिया असतो. ही दोन नावं तरी आपल्याला सवयीची झाली आहेत. पण "क्रिस्टल" या शब्दाचं काय? खनिज स्फटिकालाही क्रिस्टल म्हणतात आणि शिसं घातलेल्या चकचकीत काचेलाही. त्या काचेचं पेटंट इंग्लंडमध्ये १६७४ सालीच घेतलं गेलं होतं, म्हणजे हा गोंधळ साडेतीनशे वर्षांचा आहे. बाजारात "हायड्रो" नावाच्या माळा मिळतात, त्या बऱ्याचदा साध्या रंगीत काचेच्या असतात. "ऑपलाइट" ही दुधाळ काच आहे, ती मूनस्टोन म्हणून गळ्यात घातली जाते. "गोल्डस्टोन"मधली सोनेरी चमचम म्हणजे काचेत अडकलेले तांब्याचे बारीक कण. तिन्ही दिसायला छान आहेत, मी तिन्ही ओवलेत. फक्त काचेचे म्हणून.

आता हे सगळं एवढ्या पोटतिडकीनं का लिहिते आहे ते सांगते.

आमच्या ओळखीतली एक सून घरी बसून माळा करते. हात सुबक, रंगांची जाण चांगली, व्हॉट्सॲपवर फोटो टाकते आणि मंडळातल्या बायका घेतात. मागच्या वर्षी तिनं शहरातल्या एका ठोक व्यापाऱ्याकडून फिरोजाचे सर आणले. रोख पैसे, बिल नाही. त्यांच्या चौदा माळा झाल्या, प्रत्येकी ८५० रुपयांना गेल्या. वैशाखात पंचकल्याणक पूजा होती. उकाडा तुम्हाला माहीतच आहे. एकीनं पांढऱ्या साडीवर ती माळ घातली होती. दुपारी बघते तर पदराला निळा डाग आणि मानेवर निळी रेघ. सुनेनं उरलेल्यातला एक मणी फोडून पाहिला, आत पांढराशुभ्र. व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, मार्केटमध्ये यालाच फिरोजा म्हणतात."

तिनं त्याच रात्री चौदाही जणींना निरोप पाठवला. माळेतले मणी फिरोजा नाहीत, रंगवलेला पांढरा दगड आहे. ज्यांना परत करायची असेल त्यांना पूर्ण पैसे, ज्यांना ठेवायची असेल त्यांना अर्धे परत. नऊ जणींनी परत केली, पाच जणींनी ठेवली. नऊ गुणिले ८५० म्हणजे ७,६५० आणि पाच जणींचे निम्मे २,१२५, मिळून ९,७७५ रुपये गेले. विक्री झाली होती ११,९०० रुपयांची. त्यात सरांचे पैसे, दोरा, फासा, हुक, मजुरी. म्हणजे त्या महिन्यात तिनं पदरचे घातले.

त्यावर मंडळात दोन तट पडले. अर्ध्याजणी म्हणाल्या, शाबास पोरी. अर्ध्याजणी म्हणाल्या, "अगं, तिला तरी कुठं माहीत होतं? एकीचीच तक्रार होती, तिला पैसे देऊन टाकायचे. बाकीच्यांना कळलं तरी असतं का?" तिच्या सासूबाईंचंही तेच म्हणणं होतं. घरातला पैसा जातो तेव्हा असं वाटणं मी समजू शकते. तरी माझं मत त्या पोरीच्या बाजूनं आहे, आणि ते नुसतं कौतुक म्हणून नाही.

आपण अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार पाठ करतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते आहेत आणि त्यातला शेवटचा आहे प्रतिरूपक व्यवहार. अस्सल मालासारखा दिसणारा हलका माल अस्सल म्हणून विकणं किंवा त्यात मिसळणं. रत्नकरंड श्रावकाचारात याच दोषाला सदृशसन्मिश्र म्हटलं आहे. पाठ करताना माझं एका गोष्टीकडे नेहमी लक्ष जातं. हा दोष सत्याणुव्रताखाली ठेवलेला नाही, चोरीच्या व्रताखाली ठेवलेला आहे. खोटं बोलणं तर त्यात आहेच, पण आचार्यांनी त्याला चोरीत धरलं.

माझ्यातल्या बी.कॉम.ला हे फार पटतं. ८५० रुपयांची माळ आणि तिची खरी किंमत समजा तीनशे. मधले साडेपाचशे कुठून आले? ते मण्याचे नाहीत, मजुरीचे नाहीत, ते फक्त "फिरोजा" या शब्दाचे आहेत. तो शब्द खोटा असेल तर ते साडेपाचशे दुसऱ्याच्या पर्समधून न विचारता काढलेले पैसे झाले. त्या पोरीला विकताना माहीत नव्हतं, तोवर तिचा दोष नव्हता. माहीत झाल्यावर ती गप्प बसली असती तर ते पैसे ठेवून घेणं तिचं काम झालं असतं. तिला हे कळलं, म्हणून तिनं परत केले. अतिचार पाठ असणं आणि कळणं यात फरक आहे, तो असा दिसतो.

विकणाऱ्यांबद्दल बोलतेच आहे तर घेणाऱ्यांबद्दलही बोलते. आहेरात हलक्या मण्यांची माळ द्यायची आणि विहीणबाईंना सांगायचं, "स्फटिक आहे हो, जयपूरहून मागवला." तिथं आपण दुकान न टाकता तोच व्यवहार करतो. त्यापेक्षा "काचेची आहे, पण रंग तुम्हाला शोभेल म्हणून घेतली" असं म्हटलं तर काय बिघडतं? मी असं सांगून दिलेल्या माळा लोकांनी आवडीनं घातल्या आहेत.

बरं, आता घरच्या घरी काय कळू शकतं ते बघू.

आपल्या घरात सगळ्यात जास्त असतो तो स्फटिक, जपमाळेत. तो म्हणजे पांढरा, पारदर्शक क्वार्ट्झ. तो उष्णता काचेपेक्षा बरीच भराभर ओढून घेतो, म्हणून हातात घेतला की जास्त गार लागतो आणि जास्त वेळ गार राहतो. नुसता हात लावून मात्र नीट कळत नाही, कारण काचही गारच असते. मुलांची एक काचेची गोटी आणि मणी एकाच ताटलीत तासभर ठेवा, मग दोन्ही एकामागून एक गालाला लावा. फरक जाणवतो. प्लास्टिक तर लगेच कोमट होतं. केस गुंडाळून जाळायच्या खेळामागेही हेच कारण आहे, उष्णता दगड ओढून घेतो म्हणून केस पटकन जळत नाही. पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही, आणि जपाच्या माळेला काडी लावायची काही गरजही नाही.

दुसरं, भिंग घ्या. जोहरी वापरतात ते दहापट दिसणारं भिंग फार महाग नसतं, मंडळात मिळून एक घ्यायला हरकत नाही. मण्यात गोल गोल बुडबुडे दिसले तर ती काच. स्फटिकात बहुधा ढगासारखा पडदा, पिसासारख्या रेषा, बारीक तडे दिसतात. बुडबुडा दिसला नाही म्हणून मणी स्फटिकाचा ठरत नाही, काच स्वच्छही असते. मण्याचं भोक बघा. दगडाला भोक पाडताना कडेला बारीक टवके उडतात. काचमण्याचं भोक बहुधा गुळगुळीत, वितळल्यासारख्या काठाचं असतं. साच्यातल्या मण्यावर कंबरेला बारीक शिवण दिसते. पूर्ण माळेत एकशे आठ मणी एकाच पाण्याचे, एकाही मण्यात रेघ नाही, ढग नाही, आणि भाव मात्र अगदी कमी, असं असेल तर विचारायला पाहिजे.

लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा गोळा असेल तर पांढऱ्या कागदावर एक बारीक रेघ काढा, गोळा तिच्यावर ठेवा आणि हळूहळू फिरवत आतून बघा. स्फटिकात एखाद्या बाजूनं रेघ दुहेरी दिसते, काचेत एकच राहते. माळेच्या लहान मण्यात हे दिसत नाही, त्यामुळे तिथं डोळे ताणू नका.

मणी पाण्यात टाकला की दिसेनासा होतो तो खरा, असं सांगतात. स्वच्छ काचही पाण्यात तशीच अंधुक दिसते. काचेवर ओरखडा उठला तर खरा, हे निम्मं बरोबर आहे. मोहसच्या मापात स्फटिक ७ वर आणि साधी काच साडेपाचच्या आसपास, म्हणून स्फटिक काचेला ओरखडतो. पण कडकपणा म्हणजे खरेपणा नव्हे. आपल्या महाराष्ट्रातल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत, जळगाव-नाशिक-पुणे भागात, अपोफिलाइट आणि स्टिल्बाइटचे सुंदर स्फटिक सापडतात. जगभरचे संग्राहक ते घेतात. ते अस्सल आहेत आणि काचेपेक्षा मऊ आहेत. ओरखड्यानं पाहिलं तर त्यांना आपण खोटं ठरवून बसू.

आणि या सगळ्या युक्त्यांना एक मर्यादा आहे. स्फटिक कारखान्यातही वाढवतात. आपल्या हातातल्या क्वार्ट्झ घड्याळात तसाच तुकडा असतो. तो गार लागतो, काच ओरखडतो, रेघ दुहेरी दाखवतो, कारण द्रव्य तेच आहे. जमिनीतला की कारखान्यातला, हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. म्हणजे शेवटी पुन्हा प्रश्न नावाचाच येतो: विकताना काय सांगितलं?

रंगीत दगडांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. प्रक्रिया केलेला खडा म्हणजे फसवणूक असं सरसकट म्हणता येत नाही. गुजरातमधल्या खंभातचे लाल अकीक घ्या. भट्टीत तापवून त्यांचा लाल रंग खुलवतात आणि ही कला हडप्पा काळापासूनची आहे. लोथलला मणी बनवायचा कारखानाच उत्खननात सापडला. आपल्याकडचे असे मणी चार हजार वर्षांपूर्वी मेसोपोटेमियातल्या उर शहरापर्यंत गेले होते. तो रंग पक्का, तो दगडाचाच. पिवळा सिट्रीन, ज्याला सुनहला म्हणतात, तो बाजारात बहुतेक जांभळा ॲमेथिस्ट तापवून केलेला असतो. काळा ऑनिक्सही बहुतेक रंगवलेलाच मिळतो. हे सगळं व्यापारात चालतं, फक्त ते सांगितलं पाहिजे. तापवलेलं तापवलेलं म्हणून, रंगवलेलं रंगवलेलं म्हणून.

फिरोजाचं म्हणाल तर हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट नावाचे पांढरे दगड निळे रंगवून त्याच्या नावानं खूप विकले जातात. मण्याच्या भोकात आतपर्यंत बघा, आत पांढरं दिसतं का. तड्यांत आणि भोकाच्या कडेला रंग गडद साचलाय का. माळेचा दोरा थोडा सरकवून बघा, दोऱ्याला रंग लागलाय का. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कापसाचा बोळा भिजवून एका मण्याच्या मागच्या बाजूला हलकेच फिरवला आणि बोळा निळा झाला तर काय ते समजा. मात्र हे दुकानदाराला विचारून करा, आणि बोळा कोराच राहिला म्हणून लगेच खात्री धरू नका, वरून लेप दिलेला असू शकतो. लाजवर्दात पायराइटचे सोनेरी ठिपके आणि पांढऱ्या रेषा असतात. अगदी एकसारखा निळा सर दिसला की हीच दोऱ्याची आणि बोळ्याची परीक्षा करावी.

मोती आणि पोवळ्याबद्दल मात्र आपल्याला वेगळा विचार करावा लागतो. मोती दाताला हलकेच घासला की खरा असेल तर किंचित खरखरीत लागतो, नकली गुळगुळीत लागतो. भोकाच्या कडेला वरचा लेप सोललेला दिसला तर तो नकली. इथपर्यंत सोपं आहे. पण खरा मोती म्हणजे काय? जपानच्या मिकिमोतोंनी १८९३ साली शिंपल्यात मोती वाढवून दाखवला, आणि आता बाजारातले बहुतेक मोती शेतीचे. तेही खरेच मोती आहेत. समुद्रात आपोआप झालेला आणि शेतीतला यांतला फरक एक्स-रेशिवाय कळत नाही. शेतीत एका शिंपल्यातल्या जिवाचा तुकडा कापून दुसऱ्यात घालतात आणि मोती काढताना बहुधा तो दुसराही मरतो. म्हणजे "खरा आहे ना?" हा प्रश्न मोत्यापाशी आला की आपल्यासारख्यांनी त्याच्या पुढचा प्रश्नही विचारायला हवा. आजेसासूबाईंची जुनी चिंचपेटी मी जपून ठेवली आहे, नवे मोती घेत नाही. हा माझा नियम, कोणावर लादत नाही. आणि नकली मोती घेतानाही विचारा. जुन्या पद्धतीत त्यावरची झळाळी माशांच्या खवल्यांपासून काढलेल्या द्रवानं आणत, ही रीत फ्रान्समध्ये सतराव्या शतकात सुरू झाली. आता अभ्रकाचे लेपही असतात, ते चालतील.

पोवळं आपल्या शास्त्रातल्या पृथ्वीकायाच्या यादीत आहे, स्फटिकही त्याच यादीत आहे. आजचं विज्ञान पोवळ्याला समुद्री जिवांचा सांगाडा म्हणतं. बाजारात लाल पोवळं म्हणून रंगवलेलं पांढरं पोवळं, काच आणि प्लास्टिक सर्रास मिळतं. तिन्हींत काचेची माळ घेणं मला सर्वांत निर्धोक वाटतं, "काचेची पोवळी" म्हणून.

आता बिलाकडे येऊ. कॉलेजात आम्हाला १९३० चा मालविक्री कायदा होता. त्याच्या पंधराव्या कलमाचा अर्थ साधा आहे: वर्णन सांगून माल विकला तर माल त्या वर्णनाप्रमाणे असलाच पाहिजे. म्हणून वर्णन कागदावर यायला हवं. नुसतं "माळ १ नग" लिहिलेलं बिल काही कामाचं नाही. "नैसर्गिक स्फटिक माळ" किंवा "काचमणी माळ" असं लिहून मागा. लिहायला दुकानदार कां-कूं करू लागला तर तेच तुमचं उत्तर. माझ्या चाळीस वर्षांत याच्याइतकी चोख परीक्षा मला दुसरी सापडली नाही, आणि तिला भिंगही लागत नाही.

बिलावर जीएसटीचा एचएसएन कोड छापलेला असेल तर तो वाचा. ७१०३ हा नैसर्गिक मौल्यवान आणि उपरत्नांचा, ७१०४ कारखान्यात बनवलेल्या खड्यांचा, ७०१८ काचमण्यांचा, ७११७ इमिटेशन दागिन्यांचा. ७११६ मध्ये खड्यांचे तयार दागिने येतात, पण नैसर्गिक आणि कृत्रिम दोन्ही, म्हणून तिथं वर्णन पाहायलाच हवं. तोंडानं "ओरिजिनल" आणि बिलावर ७०१८, असं असेल तर दुकानदारानं सरकारला खरं सांगितलंय आणि तुम्हाला नाही.

सोन्यात गुंफलेल्या मण्यांबद्दल एक गैरसमज दिसतो. हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी सोन्याच्या शुद्धतेबद्दल सांगतात, खड्याबद्दल काही सांगत नाहीत. बिलावर सोन्याचं वजन आणि खड्यांचं वजन वेगळं लिहून घ्या. मोडीला देताना खडे वजा होतात, तेव्हा हे आठवतं आणि उशीर झालेला असतो.

मोठ्या रकमेचा खडा असेल तर मुंबईच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या ठिकाणी तपासून घेता येतो. पाचशेच्या माळेसाठी ते परवडत नाही, तिथं बिलावरचं वर्णनच आपला आधार. दुकानानं स्वतःच छापलेलं गुळगुळीत कार्ड म्हणजे प्रयोगशाळेचा दाखला नव्हे. "ऊर्जा तपासलेली" असं लिहिलेलं कार्ड तर मुळीच नव्हे. आणि बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

यावर काहीजणी म्हणतील, "एवढा कीस कशाला? श्रद्धा असली की झालं." जपापुरतं हे मला पूर्ण मान्य आहे. पंचपरमेष्ठींच्या एकशे आठ गुणांसाठी एकशे आठ मणी, ते सुताच्या गाठींचे असले तरी णमोकार तोच. माझ्या आईनं जन्मभर सुताच्या माळेवर जप केला. पण म्हणूनच विचारते, सुतावर भागतं तर खोट्या नावाच्या स्फटिकाला जादा पैसे कशाला? श्रद्धा आपली आणि व्यवहार दुकानाचा, दोन्हींची खाती वेगळी ठेवावीत. श्रद्धेच्या नावानं व्यवहारातली लबाडी खपवून घेतली की ती लबाडी करणाऱ्याच्या कर्मबंधाला आपण हातभार लावतो.

दुसऱ्या काहीजणी म्हणतील, "नाव खरं सांगितलं तर माल जाणार नाही." आमच्या त्या सुनेनं आता प्रत्येक माळेबरोबर हातानं लिहिलेली चिठ्ठी द्यायला सुरुवात केली आहे. मणी कशाचे, रंगवलेले की तापवलेले की काचेचे, आणि माहीत नसेल तर तसंही: "व्यापाऱ्यानं सांगितलेलं नाव अमुक, तपासलेलं नाही." सुरुवातीला ऑर्डर कमी झाल्या, हे खरं आहे. पण ज्या पाच जणींनी निळ्या माळा ठेवून घेतल्या होत्या, त्यातल्या तिघींनी नंतर तिच्याकडूनच लेकीच्या लग्नाचे सेट करून घेतले.

म्हणून आपल्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. घेताना "खरा आहे का?" असं विचारू नका, त्याला उत्तर एकच येतं. "हा कशाचा आहे, आणि बिलावर तेच लिहाल का?" असं विचारा. विकत असाल तर चिठ्ठी द्या. आणि देणं-घेणं करताना काचेला काच म्हणायची लाज वाटू देऊ नका.

पुढच्या वेळी मणी ओवायचा दोरा आणि गाठी यांबद्दल लिहीन, बऱ्याचजणींनी विचारलं आहे.

जय जिनेंद्र.